५०० मीटरच्या आत जहाज घेताना: चेकलिस्ट तीन, जबाबदार कोण?

दर्या_७२
समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मच्या ५०० मीटर सुरक्षा क्षेत्रात शिरण्याआधी जहाजाची एक चेकलिस्ट, प्लॅटफॉर्मची दुसरी, जहाज भाड्यानं घेणाऱ्या कंपनीची तिसरी. प्रश्न बरेचसे तेच. मास्टर (जहाजाचा कप्तान) आपली भरतो, ओआयएम (प्लॅटफॉर्मचा प्रमुख) आपली, आणि रेडिओवर फक्त 'ऑल ओके' ऐकू येतं. पावसाळा संपून कामं सुरू व्हायच्या आत तिन्ही मिळून एकच करायची आहे. जहाज डीपी-२ (संगणक थ्रस्टर चालवून जागेवर धरून ठेवतो, एक बिघाड झाला तरी जागा सुटू नये अशी रचना), काम क्रेननं माल चढवणं-उतरवणं. काय ठेवावं?

जॉयस्टिक
जे एका बाजूला माहीत आहे आणि दुसरीला नाही, तेवढंच ठेवा. जहाजाला कळायला हवं: कोणती क्रेन चालू, तिची पोच किती, त्या बाजूला रायझर (समुद्रतळापासून वर तेल-वायू आणणारे उभे पाइप) कुठे. प्लॅटफॉर्मला कळायला हवं: थ्रस्टर (जहाज जागेवर धरणारे पंखे) आणि जनरेटर सगळे चालू आहेत का, कुठला बिघाड दुरुस्तीविना राहिलाय. लाइफजॅकेट मोजणं वगैरे काढून टाका, ते जहाजाच्या स्वतःच्या तपासणीत असतंच.

मग आकडे. ५०० च्या बाहेर डीपीवर घेऊन निदान अर्धा तास स्थिर ठेवा, कारण वारा-प्रवाहाचं गणित जमायला संगणकाला तेवढा वेळ लागतो. पुढे ५० मीटरवर पुन्हा थांबून थ्रस्टरचा भार बघा. वारा जहाजाला प्लॅटफॉर्मकडे ढकलत असेल आणि भार सतत ४५ टक्क्यांच्या वर असेल, तर परत फिरा. एका बिघाडात स्विचबोर्डची एक बाजू जाऊ शकते, म्हणजे साधारण निम्मे थ्रस्टर. उरलेल्या निम्म्यांवर तो भार पडला की राखीव ताकद जवळपास उरत नाही.

लेझर_प्रिझम
संदर्भ प्रणाली (जहाज नेमकं कुठे आहे ते डीपीला सांगणारी साधनं) किती, याबरोबर कोणत्या तेही लिहा. दोन डीजीपीएस (उपग्रहावरून जागा सांगणारी साधनं) म्हणजे दोन नव्हेत, सिग्नल बिघडला की दोन्ही एकदम जातात. लेझर ज्यावरून अंतर मोजतो तो प्लॅटफॉर्मवरचा रिफ्लेक्टर जिथून माणसं ये-जा करतात तिथे लावू नका. कव्हरऑलवरच्या चमकत्या पट्टीला लेझर चिकटतो आणि माणूस चालू लागला की जहाज त्याच्या मागे निघतं. पावसात काचेवर मीठ आणि थेंब साचतात, म्हणून लेन्स पुसण्याची ओळही हवी.

जॅकेट_लेग
'रायझर कुठे' हा प्रश्न वरवरचा वाटत असेल तर मुंबईजवळच्या समुद्रातल्या मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवरची आग, २७ जुलै २००५, आठवा. जहाजावरच्या जखमी माणसाला बास्केटनं वर प्लॅटफॉर्मवर घ्यायला 'समुद्र सुरक्षा' हे जहाज वाऱ्याच्या बाजूनं जवळ आलं, कारण आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती. अॅझिमथ थ्रस्टरचा (कुठल्याही दिशेला वळणाऱ्या थ्रस्टरचा) त्रास होता म्हणून मॅन्युअलवर चालवत होते. जहाजाचा हेलिडेक रायझरवर आदळला, वायुगळती पेटली, २२ जण गेले. क्रेन, थ्रस्टर, रायझर: तिन्ही गोष्टी कुणाला ना कुणाला माहीत होत्याच. म्हणून बंद क्रेनची ओळ सर्वात वर घाला. ती क्रेन बंद असेल तर काम दुसऱ्या बाजूला आपोआप सरकत नाही, नव्यानं परवानगी लागते.

दर्या_७२
आणि थांबवायचा अधिकार?

जॉयस्टिक
मास्टर आणि ओआयएम दोघांनाही, कारण न देता. पण 'परिस्थिती बिघडली तर' असं लिहिलंत तर कुणीच थांबवत नाही. एएसओजीत (त्या कामात कधी थांबायचं, कधी निघायचं ते रंगांनी ठरवणाऱ्या तक्त्यात) रंगापुढे आकडा द्या: समजा जागेवरून ३ मीटर सरकलं की पिवळा, ५ मीटर की लाल. आकडे जहाजाच्या एफएमईए (कुठल्या बिघाडाचा काय परिणाम होतो त्याचा अभ्यास) आणि चाचण्यांवरून ठरवा, शेजारच्या जहाजाचे उतरवू नका. पिवळ्यावर क्रेन थांबते आणि हुक मोकळा होतो, लाल झाला की जहाज निघतं.

इंजिनरूम_खालून
एक ओळ नेहमी राहते: क्षेत्रात असेपर्यंत देखभाल बंद. यूपीएस, इंधन फिल्टर, स्विचबोर्ड, कशालाच हात लावायचा नाही. डीपीच्या बऱ्याच घटनांत ब्रिजवर चूक नसते, खाली कुणीतरी 'पाच मिनिटांचं काम' काढलेलं असतं. आयएमसीए (समुद्रातल्या कंत्राटदार कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) दरवर्षी सभासदांच्या अशा घटना जहाजाचं नाव न देता छापते. चेकलिस्ट पक्की करायच्या आधी त्या तिन्ही पक्षांनी एकत्र बसून वाचाव्यात, आणि तेव्हा चीफ इंजिनिअरला बाहेर ठेवू नका.