थेट डोळ्यात चित्र सोडणारी मांडणी: अक्षरं तिहेरी दिसतात, दोष कुठे?

कवडसा
प्रकाशाच्या बारीक शलाकेतून चित्र थेट डोळ्यात सोडणारी टेबलावरची मांडणी आहे, लेझर नाही. पांढरा एलईडी, त्यापुढे बटर पेपरचा तुकडा, मग ०.५ मिमीचं पिनहोल. तिथून ५० मिमीवर पहिलं भिंग (नाभीय अंतर ५० मिमी). समांतर झालेला प्रकाश पारदर्शक एलसीडीतून जातो: रुंदी १५ मिमी, पिक्सेल ३० मायक्रॉन, दोन्ही बाजूंना पोलरायझर. एलसीडीपुढे ५० मिमीवर तसंच दुसरं भिंग आणि त्यापुढे ५० मिमीवर डोळा.

चित्र दिसतं, पण प्रत्येक अक्षराच्या डाव्या-उजव्या बाजूला फिकट जुळी अक्षरं येतात, साधारण चार पिक्सेल सरकलेली, कडांना निळी-लाल झाक. नंबर उणे ३ आहे. चष्मा काढूनच बघतोय, कारण या पद्धतीत चष्मा लागत नाही असं सगळीकडे लिहिलेलं असतं. भिंगं पुसली, पोलरायझर फिरवले, फरक नाही.

भिंगवाला
भिंगांचा दोष नाही. एलसीडीची ३० मायक्रॉनची नियमित चौकट म्हणजे आयती विवर्तन जाळी, प्रकाशाला ठराविक दिशांना फोडणारी. तिच्यामुळे पिनहोलची प्रतिमा डोळ्यापाशी एकच न पडता ठिपक्यांची रांग पडते. दोन ठिपक्यांतलं अंतर = तरंगलांबी × नाभीय अंतर ÷ पिक्सेलचा आकार. हिरव्याला (५३० नॅनोमीटर) ०.८८ मिमी, निळ्याला (४५०) ०.७५, लालला (६३०) १.०५. बाहुली ३ मिमीची धरा, मधला आणि दोन्ही शेजारचे ठिपके सहज आत शिरतात.

खात्री करायची तर खोलीत अंधार करून डोळ्याच्या जागी ट्रेसिंग पेपर धरा. मधे पांढरा ठिपका, भोवती फुलीसारखे रंगीत ठिपके आणि त्यांची निळी बाजू आत, असं दिसायला हवं. निळी बाजू बाहेर असेल तर माझं निदान चुकलं.

उपाय: दुसऱ्या भिंगानंतर जिथे आता डोळा आहे तिथे ०.९ मिमीचं छिद्र लावा आणि डोळा मागे न्या. छिद्रापासून ५० मिमीवर तिसरं भिंग, त्यापुढे १०० वर चौथं, त्यापुढे ५० वर डोळा. चौघंही सारखीच. लांबी २० सेंमी वाढेल आणि चित्र उलटं होईल, तेव्हा एलसीडी अर्धा फेरा फिरवून घ्या. छिद्र ०.९ पेक्षा लहान करू नका. सगळ्यात बारीक रेषांची माहिती मधल्या ठिपक्याभोवती ०.४४ मिमीपर्यंत पसरलेली असते, तीच अडेल.

दृष्टिक्षेप
निदान पटलं, उपाय जड आहे. "चार पिक्सेल" हा आकडा बघा. ठिपक्यांतलं अंतर ०.८८ मिमी, नंबर ३, गुणाकार २.६ मिलिरेडियन (कोनाचं माप). तुमचा एक पिक्सेल ३० मायक्रॉन भागिले ५० मिमी, म्हणजे ०.६ मिलिरेडियन. भागाकार ४.४! म्हणजे जुळी दिसतात ती डोळा चित्रावर स्थिर नाही म्हणून. चष्मा लावा, तिन्ही अक्षरं एकावर एक बसतील. चष्मा नकोच असेल तर एलसीडी दुसऱ्या भिंगाकडे ७.५ मिमी सरकवा. चित्र अनंतावरून ३३ सेंमीवर येईल. एलसीडीवर येणारा प्रकाश समांतर असल्याने ठिपक्यांच्या जागा बदलत नाहीत, डोळा हलवायला नको.

"चष्मा लागत नाही" ही अर्धी गोष्ट झाली. अंधुकपणा = डोळ्यात शिरणाऱ्या शलाकेची जाडी × नंबर. उणे ३ ला ०.५ मिमीची शलाका असेल तर सुमारे ५ आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक). साध्या पडद्याला ३ मिमीच्या बाहुलीतून ३१. फायदा मोठा आहे, पण निकोप नजर १ आर्कमिनिटपर्यंत जाते. शलाका आणखी बारीक करावी, तर विवर्तन आडवं येतं: लेझरने रेषा ओढणाऱ्या डिस्प्लेत ०.५ मिमीलाच ते साडेचार आर्कमिनिट खातं. शिवाय बारीक शलाकेत डोळ्यातले तरंगते धागे आणि पापणीचे केससुद्धा ठळक सावल्या पाडतात.

कवडसा
ट्रेसिंग पेपरवर फुली दिसली, निळं आत. ०.९ चं छिद्र लावलं, जुळी गेली. पण आता चित्राच्या कडेकडे पाहिलं की अख्खं चित्र विझतं. आधी नुसतं मंद व्हायचं. छोटा लेझर प्रोजेक्टर वापरला तर हे सुटेल का?

दृष्टिक्षेप
सुटणार नाही. शेजारचे ठिपके त्रास देत होते तसे सांभाळूनही घेत होते: डोळा वळला की मधला हुकायचा आणि बाजूचा आत यायचा. आता एकच उरला. बाहुली डोळ्याच्या फिरण्याच्या केंद्रापासून साधारण १० मिमी पुढे असते. ३ मिमीच्या बाहुलीत ०.५ मिमीचा ठिपका १.२५ मिमी सरकू शकतो, म्हणजे डोळा ७ अंश वळेपर्यंत. तुमचं चित्र मधल्यापासून कडेपर्यंत ८.५ अंश आहे. कडेकडे पाहणं आणि चित्र घालवणं एकच झालं. (अख्खं न विझता एकच बाजू कापली जात असेल, तर डोळा पुढे-मागे चुकलाय. ती वेगळी चूक.)

ठिपके वाढवायचे तर त्यांच्यातलं अंतर बाहुलीएवढं लागतं. कमी ठेवलं की जुळी, जास्त ठेवलं की मधे काळोख. आणि बाहुली उन्हात २ मिमी, अंधारात ७. यावर सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. नॉर्थ कंपनीच्या फोकल्स या डोळ्यात चित्र सोडणाऱ्या चष्म्याला दुकानात डोक्याचं माप घ्यावं लागायचं ते याच पायी. टेबलावर स्वस्तात करायचं तर हनुवटी टेकवायला आधार द्या, खोली मंद ठेवा आणि मजकूर मधल्या १२ अंशांत बसवा.

भिंगवाला
लेझर प्रोजेक्टर डोळ्यात अजिबात नको. १ मायक्रोवॉट हिरवा प्रकाश २० × १२ अंशांत पसरला तरी ३ मिमीच्या बाहुलीला हजारएक निटच्या (निट म्हणजे उजळपणाचं एकक) पडद्याइतका उजळ वाटतो. दहा-वीस ल्युमेनच्या प्रोजेक्टरमधून चाळीस-पन्नास मिलिवॉट सहज निघतात, म्हणजे पन्नास हजार पट. दृश्य लेझरला श्रेणी १ ची (सुरक्षित मानलेल्या लेझरची) मर्यादा ०.३९ मिलिवॉट आहे, निळ्याला जास्त वेळ पाहायचं असेल तर त्याहून बरीच कमी. मधे गडद काच लावून भागत नाही: काच तडकली किंवा फ्रेमनं ती सोडली की सगळं आत. आणि शलाका फिरवणारा बारीक आरसा थांबला तर रेषा ओढणारी शलाका एकाच बिंदूवर उभी राहते. म्हणून अशा उपकरणांत आरशाच्या हालचालीवर लक्ष ठेवून तो मंदावताच लेझरचा वीजपुरवठा तोडणारं वेगळं सर्किट असतं, सॉफ्टवेअरवर न विसंबणारं. तुमच्या प्रोजेक्टरमध्ये असलंच तरी ते भिंतीवर टाकण्याच्या हिशोबानं बसवलेलं आहे. एलईडीच ठेवा.