जिंजरब्रेडचे घर आणि रॉयल आयसिंग : तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ (सांगली)

परवा माळा आवरताना जुन्या ट्रंकेच्या तळाशी पुठ्ठ्याचे सहा तुकडे सापडले: दोन सरळ भिंती, माथ्याला त्रिकोण असलेल्या दोन भिंती आणि छपराचे दोन पाखे. एकाच्या कोपऱ्यावर काकवीचा डाग अजून आहे. हे पुठ्ठे मिरजेच्या आमच्या शेजारच्या मावशींनी कापलेले. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत ज्या मिशन इस्पितळाची सुरुवात केली, तिथे त्या परिचारिका होत्या आणि दर नाताळाला या पुठ्ठ्यांच्या मापाने जिंजरब्रेडचे, म्हणजे सुंठ-काकवीच्या कडक बिस्किटांचे, एक घर करून आम्हा शेजारच्या मुलांना फोडायला देत.

घर भाजण्यापेक्षा मला त्यांचे रॉयल आयसिंग, म्हणजे भिंती जोडायचा अंड्याच्या पांढऱ्याचा आणि साखरेचा लेप, करणे जास्त आठवते. स्टीलचे पातेले स्वच्छ दिसत असले तरी त्या अर्धे लिंबू घेऊन ते आतून पुसून काढीत आणि मला विचारीत, "हाताला तूप नाही ना गं लागलेलं?" तुपातेलाचा किंवा पिवळ्या बलकाचा एक थेंब जरी आत गेला तरी पांढरा बलक नीट फेसाळत नाही, हे मला तेव्हा कळले. अंडे आधी वाटीत फोडायचे आणि पांढरे स्वच्छ निघाले तरच ते पातेल्यात ओतायचे, असा त्यांचा नियम होता. एका अंड्याच्या पांढऱ्याला दोनशे ते सव्वादोनशे ग्रॅम आयसिंग शुगर (अगदी बारीक पिठीसाखर) आणि अर्धा चमचा लिंबाचा रस. साखर एकदम न ओतता थोडी थोडी घालायची. सुरीने रेघ ओढल्यावर तिच्या दोन्ही कडा उभ्या राहिल्या, की ते भिंती जोडायला योग्य झाले. भिंतींना आतून-बाहेरून वाट्यांचा टेकू देऊन त्या रात्रभर तशाच ठेवीत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत छपराला कोणालाही हात लावू देत नसत. मी एकदा धीर न धरता संध्याकाळीच पाखे बसवले आणि ते दोन्ही बाजूंनी हळूहळू घसरत टेबलावर आले. मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी ओले सांधे सुरीने खरवडले आणि मला नवे आयसिंग फेटायला बसवले.

मावशी आता नाहीत. यंदा त्याच पुठ्ठ्यांवरून नातीसाठी घर करायचे आहे. आपल्यापैकी ज्यांनी हे आयसिंग केले असेल, त्यांनी जमलेले आणि बिघडलेले दोन्ही अनुभव अवश्य लिहावेत.

टेबललँड (पाचगणी)

माझ्या मुलीचा वाढदिवस जुलैत येतो आणि एका वर्षी तिने असेच घर मागितले. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, त्यामुळे आयसिंग तिसऱ्या दिवशीही बोटाला चिकटत होते आणि भिंती ओल्या पुठ्ठ्यासारख्या वाकल्या. कडक होईल या आशेने ते फ्रिजमध्ये ठेवले, तर बाहेर काढताच त्यावर दव धरले आणि उरलेसुरले सांधेही पाघळले. रॉयल आयसिंग गार होऊन घट्ट होत नाही, त्यातले पाणी हवेत उडून गेले की ते घट्ट होते, एवढी एक गोष्ट मला आधी माहीत असती तर लेकीचे रडणे वाचले असते. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत तेच प्रमाण घेऊन पुन्हा केले, खोलीत पंखा मंद लावला आणि सकाळी सांधा नखाने टोकरूनही निघेना.

गावभाग (सांगली)

मी पहिल्यांदा केले तेव्हा इथल्या दुकानांत आयसिंग शुगर मिळाली नाही, म्हणून घरीच मिक्सरवर साखर दळली. बारीक चाळणीने चाळूनही आयसिंग भरायच्या कोनाच्या टोकात कण अडकत होते आणि जोर दिला की कोन मागून उसवत होता. शेवटी सासूबाईंनी जुन्या मलमलीचा तुकडा काढून दिला आणि साखर वस्त्रगाळ करून घ्यायला सांगितले. त्यानंतर एकदाही टोक तुंबले नाही. साखरेच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर मिसळते. कोन मेंदीसाठी वळतो तसाच वळावा आणि टोक आधी मोहरीएवढेच कापावे, कारण मोठे कापलेले लहान करता येत नाही. भरून ठेवलेल्या कोनाच्या टोकावर आणि पातेल्यावर ओले फडके हवेच. पाच मिनिटे उघडे राहिले तरी वर पापुद्रा धरतो आणि तो ढवळून आत गेला की पुन्हा कण अडकायला लागतात.

गवंड्याची लेक (वाई)

माझे वडील गवंडी होते आणि जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत त्यांनी चुन्यातले काम पुष्कळ केले होते. मी पहिले जिंजरब्रेडचे घर उभे करत होते, तेव्हा ते शेजारी खुर्ची टाकून बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "माल पातळ झालाय, पोरी. भिंत धरायला वेगळा आणि वरून सारवायला वेगळा लागतो." त्यांनी आयुष्यात रॉयल आयसिंग पाहिले नव्हते, पण बोलले ते अक्षरशः खरे होते. मी त्यात आणखी साखर घालून ते दाट केले. मग ते आतून गुण्या (गवंड्याचे काटकोन पाहायचे साधन) घेऊन आले आणि कोपरा तपासला, तर दोन भिंतींमध्ये वरच्या बाजूला बोटभर फट होती. बिस्किट भाजताना फुगते आणि त्याच्या कडा गोल होतात, त्यामुळे सांध्यात पोकळी राहते आणि ती कितीही आयसिंग भरून भागत नाही. त्यांनी स्वयंपाकघरातली बारीक किसणी मागून घेतली आणि गार झालेल्या भिंतींच्या कडा तिच्यावर अलगद घासून काटकोनात आणल्या. ते घासणे मी आजही तसेच करते. शिवाय भट्टीतून काढल्यावर बिस्किट गरम आणि मऊ असतानाच वर पुठ्ठा ठेवून कडा सुरीने छाटून घेते, म्हणजे घासायचे काम निम्मे होते. दरजा, म्हणजे सांध्यांवरची बाहेरची नक्षी, मात्र सगळ्यात शेवटी भरावी, आतला सांधा पूर्ण वाळल्यावर.

माहुली

ताई, तुमच्या वडिलांचे वाचून डोळे भरून आले. किसणीची युक्ती लिहून घेतली.

अजिंक्यतारा (सातारा)

आमच्या घरी अंडे चालत नाही, त्यामुळे हे घर आपल्याला कधी करता येणार नाही असेच मी धरून चालले होते. नंतर काबुली चण्याच्या पाण्याविषयी कळले. कडधान्याचे हे पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे फेसाळते, हे फ्रान्समधील जोएल रोसेल यांनी २०१४ मध्ये दाखवले आणि पुढच्या वर्षी त्याला ॲक्वाफाबा हे नाव मिळाले. मी चणे मीठ न घालता शिजवते, पाणी गाळून आटवते आणि बोटांत धरल्यावर ते अंड्यासारखे बुळबुळीत लागले की गार करून फेटते. अंड्यापेक्षा फेटायला बराच अधिक वेळ लागतो. सांधा वाळायलाही दीड दिवस जातो आणि तो थोडा ठिसूळ राहतो, म्हणून माझे घर लहान असते आणि छप्पर पातळ लाटलेले. वाळल्यावर चण्याचा वास येत नाही. सासऱ्यांनी पहिल्याच वर्षी धुराडे मोडून खाल्ले, तेव्हा माझी काळजी मिटली.

कोयनाकाठ (कऱ्हाड)

पुठ्ठ्यावरच्या काकवीच्या डागाविषयी वाचून विचारतो. परदेशी कृतींमध्ये मोलॅसिस लिहिलेले असते, तिथे आपल्या गुऱ्हाळावरची काकवी चालते का?

कृष्णाकाठ (सांगली)

चालते, दादा. मावशी तीच वापरत आणि आल्यासाठी सुंठ घरी कुटत. मात्र काकवी हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे घरासाठीची बिस्किटे पातळ लाटून चांगली कडक भाजावीत. भिंतच मऊ पडली तर आयसिंग कितीही घट्ट असले तरी ती धरून राहत नाही.

विश्रामबाग

एक महत्त्वाची गोष्ट आवर्जून लिहिते. या आयसिंगमध्ये अंडे कच्चेच राहते आणि कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो. मी गरोदर असताना बहिणीने पाठवलेले असे घर केवळ या शंकेने खाल्ले नाही आणि तिला वाईट वाटले. तेव्हापासून आम्ही दोघी पांढरा बलक आणि थोडी साखर उकळत्या पाण्याच्या वाफेवर सतत ढवळत ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो आणि मगच फेटतो. स्वयंपाकघरातला साधा तापमापक त्यासाठी पुरतो. तयार मेरिंग पावडर (पांढऱ्या बलकाची भुकटी) मिळाली तर तीही चांगली. तिच्यातला पांढरा बलक आधीच प्रक्रिया केलेला असतो. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध माणसे खाणार असतील, तर एवढे कष्ट जरूर घ्यावेत.

बुरूज (सातारा)

आमच्या गल्लीतली मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात आणि त्यातल्याच तिघांनी गेल्या डिसेंबरात माझ्याकडे हट्ट धरून जिंजरब्रेडचा किल्ला करवून घेतला. बुरुजासाठी पीठ स्टीलच्या पेल्यांभोवती गुंडाळून भाजले. तटाला पांढरा रंग देण्यासाठी आयसिंगमध्ये थेंब थेंब पाणी घालून ते सैल केले. चमच्याने ओढलेली रेघ साधारण दहा सेकंदांत मिटली की ते पसरायला योग्य होते. आमची चूक भगव्याच्या वेळी झाली. पांढरे पूर्ण वाळण्याआधीच शेजारी भगवे भरले आणि रात्रीतून रंग पाझरून निम्मा तट नारिंगी झाला. मुले फार हिरमुसली. पांढरा थर पुरे चोवीस तास वाळू द्यावा आणि रंग पाण्यासारखा न घेता जेलचा घ्यावा, हे त्यानंतर एका बेकरीवाल्यांनी सांगितले. दुसऱ्या खेपेला निशाण वेगळे, बटर पेपरवर काढून वाळवले आणि आयसिंगच्याच ठिपक्याने बुरुजावर चिकटवले. ते महिनाभर टिकले.

हरिपूर

आमच्याकडे घर सुरेख वाळले होते, पण सकाळी छपराच्या कडेने मुंग्यांची रांग लागलेली होती. तेव्हापासून परातीत पाणी ओतून मधे पाट ठेवते आणि घर त्यावर मांडते. वरून प्लॅस्टिक झाकू नये, आत ओल धरते. पातळ सुती कापड पुरते.

टेबललँड (पाचगणी)

परातीतल्या पाण्याने ओल येत नाही का?

हरिपूर

डिसेंबरात आमच्याकडे तरी आली नाही, पण सांधे वाळेपर्यंत पंख्याखाली कोरडेच ठेवते आणि परात त्यानंतर मांडते.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांची मनापासून आभारी आहे. जावईबापूंच्या घरी अंडे चालत नाही, म्हणून एक लहान घर अजिंक्यतारा ताईंच्या पद्धतीने चण्याच्या पाण्यात करीन. मोठ्या घरासाठीचा पांढरा बलक वाफेवर तापवून घेईन, कारण खाणारी नात साडेचार वर्षांची आहे. भिंती २२ डिसेंबरला भाजून किसणीवर घासायच्या, २३ तारखेला दुपारी जोडायच्या आणि छपराला २४ तारखेच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, हे तिला आजच सांगून ठेवले आहे.