कलमा म्हटला की झालं? मग सूरह माऊन कुणासाठी उतरली?

धाकटी
काल इथे एका सभासदाने लिहिलं, "दिलात ईमान (श्रद्धा) असेल तर अमल (कृती) कमी पडले तरी बिघडत नाही. अल्लाह रहीम आहे, कलमा (अल्लाह एकच असल्याची ग्वाही) शेवटी तारून नेतोच." खाली आमीनची रांग लागली. मला रात्रभर झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

कुरआनात "ईमान आणलं" याच्या पाठोपाठ "आणि नेक अमल केले" ही जोडी पन्नासेक वेळा येते. सूरह अस्र तीनच आयतींची, पण तिच्यातही घाट्यातून सुटणाऱ्यांत नेक अमल करणारे आहेत. आणि सूरह माऊन? दीनला (धर्माला) खोटं ठरवणारा कोण, तर यतीमाला (अनाथाला) ढकलून देणारा. नमाज पढणाऱ्यांचं नाव घेऊन तिथे "धिक्कार असो" म्हटलंय.

आता घरचं सांगते. नाना, म्हणजे अम्मीचे वडील, जाऊन दोन महिने झाले होते. मामू जोहरची (दुपारची) नमाज पढले, जानमाजची घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि त्याच हाताने अम्मीपुढे हक्कसोडीचा कागद ठेवला. अम्मीने चष्मा मागितला. "त्यात वाचायचं काय? बहिणी भावाकडे मागत नसतात," म्हणून त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं. तिने चष्म्याविनाच सही केली. पुढच्याच वर्षी मामू हजला गेले. अशा माणसाला मी मोमिन (ईमानवाला) म्हणणार नाही, मुनाफिक (वरवरचा, ढोंगी मुसलमान) म्हणेन.

अबू_मूसा
ताई, अम्मींवर जुलूम झाला, यात दुमत नाही. पण "मुनाफिक" हा शब्द तुमच्या-माझ्या अधिकारातला नाही. हा रस्ता कुठे जातो ते उम्मतने (मुस्लिम समाजाने) पाहिलंय. ६५७ च्या सिफ्फीनच्या लढाईनंतर खारिजी नावाचा गट खलीफा हजरत अलींपासून वेगळा झाला, ते, मोठा गुनाह करणारा काफिर असं म्हणू लागले, आणि ६६१ मध्ये हजरत अलींवर तलवार चालवणारा त्यांच्यातलाच होता. इमाम अबू हनीफांनी ईमान म्हणजे दिलाने मानणं आणि जिभेने कबूल करणं, एवढंच धरलं. अमल न करणारा गुनाहगार खरा, पण ईमानाबाहेर नाही. हजरत उसामांनी लढाईत कलमा म्हणणाऱ्याला मारलं, तेव्हा रसूलुल्लाहांनी (पैगंबरांनी) विचारलं होतं, त्याचं काळीज चिरून पाहिलंस का?

धाकटी
भाई, मीही हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांना मानणाऱ्या घरातलीच आहे. इमामसाहेबांनी अमल फुकट आहेत असं कुठे म्हटलं? गुनाहाने ईमानाला धक्काच लागत नाही हे टोकाच्या मुर्जियांचं (अमलाला ईमानाबाहेर ठेवणाऱ्या जुन्या गटाचं) म्हणणं, आणि कालची पोस्ट नेमकी तेच सांगते. इमाम शाफई, इमाम अहमद तर ईमान म्हणजे बोलणं आणि करणं दोन्ही मानतात, ते वाढतं आणि घटतं म्हणतात. हदीसमध्ये (रसूलुल्लाहांच्या वचनांत) ईमानाच्या सत्तराहून जास्त फांद्या आहेत. सगळ्यात खालची कोणती? रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं. रस्त्यातला काटा उचलणंही ईमानात, आणि बहिणीचा हक्क गिळणं ईमानाला लागत नाही?

रानवारा
मी मुस्लिम नाही, तरी बोलतो. माझे वडील आठ महिने अंथरुणाला खिळून होते. त्यांना रोज उचलून बसवणारा आमचा शेजारी कुठलाच देव मानत नव्हता. सूरह नूरमध्ये न मानणाऱ्यांची कर्मं वाळवंटातल्या मृगजळासारखी म्हटली आहेत. मग त्याचे आठ महिने मृगजळ?

अबू_मूसा
गोड उत्तर देणार नाही. हजरत आयशांनी रसूलुल्लाहांना इस्लामपूर्व काळातल्या इब्न जुदआनबद्दल हेच विचारलं होतं. नाती जपायचा, गरिबांना जेवू घालायचा. त्याला फायदा होईल का? उत्तर मिळालं, नाही, कारण "रब्ब, कयामतच्या दिवशी माझ्या चुका माफ कर" असं तो एकदाही म्हणाला नाही. अमल ज्याच्यासाठी केला त्याच्याकडून बदला मिळतो. पण हकीम बिन हिजाम यांनी इस्लामपूर्वीच्या नेकीबद्दल विचारलं, तेव्हा "ती सारी नेकी घेऊनच तू इस्लाममध्ये आलास" असं उत्तर मिळालं. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणारी बदनाम बाईसुद्धा माफ झाली. तुमच्या शेजाऱ्याचा फैसला अल्लाहकडे.

रानवारा
मला हे पटत नाही. पण तुम्ही हदीस लपवली नाहीत, एवढं मान्य करतो.

मुसाफिर
बाकीचं राहू द्या. सख्ख्या मामूंची बेअब्रू चारचौघांत करणं ही उघड गीबत (पाठीमागे निंदा) आहे. हज कबूल झाला तर माणूस आईच्या पोटातून आल्यासारखा पाक होऊन परततो, ही बुखारीच्या संग्रहातली हदीस आहे. धुऊन गेलेलं तुम्ही कशाला उकरता?

धाकटी
गीबत? सूरह निसाची १४८वी आयत काढा. वाईट गोष्ट उघड बोललेली अल्लाहला आवडत नाही, ज्याच्यावर जुलूम झालाय तो सोडून. अम्मी बारा वर्षं गप्प राहिली, तेव्हा सगळ्यांनी तिला सब्रवाली म्हटलं. मी एकदा तोंड उघडलं तर गीबत?

सातवी_इयत्ता
हजने धुऊन गेलं म्हणता? शहीदाचे सगळे गुनाह माफ होतात, कर्ज सोडून. 'सहीह मुस्लिम' या संग्रहातली हदीस आहे. बहिणीचा वाटा हे कर्जच. जिचं आहे तिला परत करा किंवा तिने खुशीने सोडायला हवं. हातात पेन कोंबणं ही खुशी नव्हे.

आणि हा प्रश्न रसूलुल्लाहांसमोर आलेला आहे. त्यांचे साथी साद बिन रबीअ ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत शहीद झाले. त्यांच्या भावाने सगळा माल घेतला. बेवा (विधवा) दोन मुलींना घेऊन आली आणि म्हणाली, यांच्या चुलत्याने काहीच ठेवलं नाही, मालाशिवाय यांची लग्नं कशी होणार? मग वारशाची आयत उतरली. चुलत्याला बोलावून हुकूम झाला: मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे, उरेल ते तुझं. चुलत्याचं ईमान कच्चं की पक्कं, हे कुणी विचारलं नाही. माल परत करायला लावला.

माझ्या दोन्ही फुफूंच्या (आत्यांच्या) वाट्याच्या जमिनीवर आमचं घर उभं आहे. मी नमाज तिथेच पढते. हे लिहिताना हात थरथरतोय.

अबू_मूसा
ही हदीस मी वर्गात शिकवतो आणि इथे मलाच आठवली नाही. वारशाच्या आयतींना लागूनच "ही अल्लाहची हद्द आहे" आणि ओलांडणाऱ्याला आग, असं येतं. फतव्याच्या शब्दावर मी ठाम आहे, मामू मुनाफिक नाहीत. पण कालच्या पोस्टला आमीन लिहिणाऱ्यांत मीही होतो. ते आत्ता काढून टाकलं.

धाकटी
मुनाफिक हा शब्द मी मागे घेते. रागात गेला. दिलाचं अल्लाह जाणो. वाटा मागणं मागे घेणार नाही.

मुसाफिर
बोलण्याची तुमची पद्धत मला अजूनही पसंत नाही. पण एक विचारायचं होतं. अब्बा गेले. अम्मी हयात आहे, मी एकटा भाऊ आणि दोन बहिणी. दादा-दादी नाहीत. हिशोब कसा?

सातवी_इयत्ता
आधी कफन-दफनाचा खर्च, मग अब्बांचं कर्ज, मग वसीयत असेल तर ती, एक तृतीयांशाच्या आत. उरेल त्याचे ३२ भाग करा. अम्मीला ४, तुम्हाला १४, बहिणींना ७-७.

मुसाफिर
७-७. लिहून घेतलं.