कॅडमियम रिक्तिकेत 'साठवतात' की 'कोंडतात'?

अनुवादिका: जपानच्या जिंझू नदीकाठी कॅडमियम या विषारी जड धातूमुळे पसरलेल्या 'इताई-इताई' (दुखतंय, दुखतंय!) आजारावरचा मजकूर मराठीत आणतेय. एका वाक्याशी अडलेय: 'भाताच्या मुळांतल्या पेशी कॅडमियम रिक्तिकेत साठवतात.' रिक्तिका म्हणजे पेशीच्या आतली पिशवी. बहीण म्हणाली, नावातच रिकामी, मग तिच्यात साठवायचं काय? आणि मला 'साठवतात'च खटकतंय.

जुना पाटा: सूक्ष्मदर्शकाखाली मोकळी जागा दिसली, म्हणून 'रिकामा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तसं नाव पडलं आणि आपण इमानेइतबारे 'रिक्तिका' केलं. खरं तर ती काठोकाठ भरलेली असते. बीट चिरताना बोटं लाल होतात तो रस तिच्यातलाच. हिंदीवाल्यांची 'रसधानी' जास्त बरी. पण शाळेपासून रुळलेला शब्द आहे, राहू दे.

कुर्ली: साठवतो ते पुढे लागणार म्हणून. तांदूळ आपण साठवतो. कचरा साठतो, साठवत नाही कोणी. अराबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपाच्या बीत लोह रिक्तिकेत असतं आणि रुजताना ते बाहेर काढून वापरलं जातं. तिथे 'साठवणे' चोख. कॅडमियमचा भाताला काडीचा उपयोग नाही. ताई, 'डांबतात' लिहा.

अनुवादिका: डांबतात कैद्याला! आणि पुढच्या वाक्यात 'फायटोकिलेटिन' आहे, म्हणजे कॅडमियमला धरून ठेवणारा वनस्पतीतला रेणू, त्याचं काय करू?

कुर्ली: नाव तसंच ठेवा, क्रियापद मराठी घ्या. 'कीलेट' हा शब्द मुळात ग्रीकमधल्या खेकड्याच्या नांगीवरून 1920 साली घडवला. आमच्याकडे कुर्लीच्या डेंग्यात बोट सापडलं की कळतं! या रेणूतल्या गंधकाची पकड तशीच. तेव्हा 'पकडीत घेतात'.

जुना पाटा: 'डांबणे'पेक्षा 'कोंडणे' घ्या. भाताच्या मुळात एचएमए३ नावाचं वाहक प्रथिन असतं, तो वाहक कॅडमियम रिक्तिकेत ढकलतो. ज्या वाणांत तो निकामी असतो, तिथे ते वर चढून दाण्यात जास्त उतरतं. म्हणजे सगळी भिस्त आत ढकलून दार लावण्यावर. 'कोंडणे'त ते दार ऐकू येतं.

अनुवादिका: '…पेशी कॅडमियम रिक्तिकेत कोंडून ठेवतात.' चालेल?

कुर्ली: धावेल. फक्त 'जड धातू'चं 'अवजड धातू' करू नका, अवजड म्हटलं की मला ट्रकच दिसतात.