५० एमएम झूममध्ये आहेच, मग फास्ट प्राइम कशाला?

अर्धाउजेड:
क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) कॅमेरा आहे, सोबत आलेली १८-५५ झूम आहे. जो तो म्हणतो ५० एमएम एफ १.८ ची प्राइम (झूम न होणारी, एकाच फोकल लेंथची लेन्स) घे. अहो, ५० माझ्या झूममध्येच आहे की! वर तिला स्टॅबिलायझेशनही (हाताचा कंप सावरणारी सोय) आहे. पार्श्वभूमी जरा जास्त धूसर होते, त्यापलीकडे प्राइममध्ये काय मिळतं?

खिडकीपाशी:
धूसर पार्श्वभूमी बाजूला ठेवा. ती सुरुवातीची हौस, ओसरते.

तुमची झूम ५० ला जेमतेम एफ ५.६ पर्यंत उघडते (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). १.८ वर तिच्या नऊ पटींहून जास्त उजेड आत येतो. म्हणजे संध्याकाळी घरात जो फोटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढली की फोटो दाणेदार) ६४०० ला मिळतो, तोच त्याच शटरला ६४० च्या आसपास मिळतो. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरेल, पण समोरचं पोर हलतंय त्याचं काय? तिथे शटर १/२०० सेकंद तरी हवंच.

माझ्या आईचा चेहरा फ्लॅश दिसला की ओळखपत्रासारखा होतो. ५० लावली की दिवा वाढवावा लागत नाही, ‘इकडे बघ’ म्हणावं लागत नाही. ती सुईत दोरा ओवत असते, मी मीटरभर अंतरावर बसलेली असते. मात्र तिथे १.८ ला तुमच्या सेन्सरवर तीनेक सेंटिमीटरच फोकसमध्ये राहतं. सुईवर फोकस धरला की डोळे सुटतात. म्हणून मी बहुतेकदा २.८ वर असते. तरी झूमच्या चौपट उजेड मिळतोच.

मागे_भिंत:
सगळं खरं, पण क्रॉपवर ५० म्हणजे फुल फ्रेमवरची ७५, चौकट तेवढी अरुंद. लहान खोलीत दोन माणसं बसवायची तर पाठ भिंतीला टेकते. ३५ बघा. आणि भर उन्हात १.८ चा हट्ट नको: आयएसओ १०० लाही शटर १/८००० च्या घरात जातं, बरेच कॅमेरे १/४००० ला थांबतात.

खिडकीपाशी:
३५ ला माझंही मत. घेण्याआधी झूम ३५ वर ठेवून रिंगला चिकटपट्टी लावा आणि काही दिवस तशीच वापरा. चिडचिड होईल. मग कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच चौकट कुठे संपणार ते कळू लागतं, आणि पाय आपोआप सरकतात. मला प्राइम आवडते ती निम्मी यासाठी. (ज्यांना हे जाचक वाटतं त्यांनी खुशाल झूम वापरावी, त्यात कमीपणा नाही.)

अर्धाउजेड:
पट्टी लावली. जुनी मॅन्युअल फोकसची ३५ मिळतेय, चालेल?

मागे_भिंत:
कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला) असेल तर अ‍ॅडॉप्टर लावून चालेल, फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) चालू ठेवा. पळत्या पोरासाठी मात्र ऑटोफोकसवालीच घ्या.