शाळेने कधी, कसं सावरलं? कॅथलिक शाळांमधले अनुभव

माझी मुलगी यंदा शाळेतून बाहेर पडते आहे. शिशुवर्गापासून ती एकाच कॅथलिक शाळेत होती. दाखला आणायला आम्ही गेलो, तेव्हा फाटकाशी बसणाऱ्या मावशींनी तिचा हात धरला आणि विचारलं, "आता दमा कसा आहे गं तुझा?" तिला शेवटचा झटका आला त्याला ६ वर्षं होऊन गेली होती. घरी येईपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही.

या शाळांबद्दल बाहेर बोललं जातं ते शिस्त, निकाल आणि प्रवेशासाठीची धावपळ याबद्दल. आत काय चालतं ते आतल्यांनाच माहीत. म्हणून विचारावंसं वाटलं. तुमच्या घरावर वेळ आली तेव्हा शाळा कशी वागली? सिस्टर, फादर, शिक्षक, वर्गातली मुलं, इतर पालक, कोण धावून आलं? कोणी आलंच नाही, असं झालं असेल तर तेही लिहा. शाळेचं किंवा माणसाचं नाव मात्र नको.

माजी विद्यार्थिनी

सातवीत असताना माझे बाबा गेले. तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापिका सिस्टर घरी आल्या. सांत्वनाचं एकही वाक्य त्या बोलल्या नाहीत. सिस्टर आईशेजारी जमिनीवर बसून राहिल्या, तासभर तरी. निघताना एवढंच म्हणाल्या, "तिला बरं वाटेल तेव्हा पाठवा. अभ्यासाचं आम्ही बघतो."

मी १९ दिवसांनी गेले. माझ्या बाकात सगळ्या विषयांच्या वह्या पूर्ण लिहून ठेवलेल्या होत्या. प्रत्येक वहीत ४-५ वेगवेगळी अक्षरं. कोणी कोणतं पान लिहिलं ते मी अजून अक्षरावरून सांगू शकते.

पुढच्या सत्राची फी भरणं आईला शक्य नव्हतं. माझा दाखला मागायला ती कार्यालयात गेली. तिथल्या काकांनी खातेवही उघडून पाहिली आणि म्हणाले, "बाई, वर्षाची फी भरलेली आहे." कोणी भरली, हे आईने तेव्हा विचारलं, पुढच्या वर्षी विचारलं, मी दहावी झाले तेव्हाही विचारलं. सांगितलं नाही. गणवेशाचंही तसंच. मोठ्या मुलींचे आखूड झालेले गणवेश धुऊन, इस्त्री करून एका खोलीत ठेवलेले असत. शिवणाच्या सिस्टर जुन्या मुलीच्या नावाची पट्टी उसवून आपली लावून देत. माझा गणवेश आधी दुसऱ्या कोणाचा होता हे वर्गात कधीच कळलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी मी फारशी कोणाला सांगितलेली नाही. कॅथलिक लोक २ नोव्हेंबरला आपल्या मृतांचं स्मरण करतात, आणि तो सबंध महिनाच त्यासाठी मानला जातो. आमच्या चॅपलमध्ये, म्हणजे शाळेतल्या छोट्या प्रार्थनाघरात, त्या महिन्यात एक वही उघडी ठेवलेली असे. ज्याने त्याने आपल्या गेलेल्या माणसांची नावं त्यात लिहायची. आमचा धर्म वेगळा. मी दारात घुटमळत होते. सिस्टरांनी पेन पुढे केलं. "तुझ्या लिपीत लिही, देवाला वाचता येतं." मी बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. ते गेल्यानंतर त्यांचं नाव मी स्वतःच्या हाताने लिहिलं ते पहिल्यांदा तिथे.

शाळेच्या कार्यालयातून निवृत्त

वरच्या ताईंच्या आईला जे उत्तर मिळालं, तसं उत्तर मी २६ वर्षांत अनेकांना दिलं आहे. शाळा वेगळी असेल, पण खातेवही तशीच. पैसा कुठून येतो ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं की परदेशातून पोती येतात. आमच्याकडे तरी काही माजी विद्यार्थी दरवर्षी ठरावीक रक्कम देत, नाव न सांगण्याच्या अटीवर. थोडं चर्चच्या दानातून येई. आणि सिस्टर लोकांचा पगार. त्यांनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं, त्यामुळे पगार त्यांचा स्वतःचा नसतोच, तो मठाच्या सामाईक खात्यात जातो. त्यातून किती मुलं शिकली हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, त्यामुळे खात्रीने सांगतो.

एक नियम कडक होता. थकलेल्या फीवरून मुलाला वर्गात हाक मारायची नाही. चिठ्ठीसुद्धा मुलाच्या हाती द्यायची नाही, पालकांनाच बोलवायचं.

पण खरं सांगायचं तर पैसा कधीच पुरला नाही. काही वर्षी मला नाही म्हणावं लागलं. आणि मदत मिळायची ती मागणाऱ्याला. जी माणसं संकोचाने दारातूनच परत गेली, त्यांची मुलं आम्ही गमावली. पुढे एका मुख्याध्यापकांनी वर्गशिक्षकांना सांगून ठेवलं की मुलांचे बूट बघत जा. बुटांवरून घरातलं समजतं. त्यानंतर यादी वाढली आणि माझी ओढाताणही वाढली. ती झाली ते बरंच झालं.

माजी विद्यार्थी, आता परिचारक

आमच्या शाळेत संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेचा विद्यार्थीगट होता. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. फ्रेडरिक ओझानाम हा विद्यार्थी आणि त्याचे सोबती यांनी ती काढली. २३ एप्रिलला पहिली बैठक झाली, त्याच दिवशी ओझानामला २० वर्षं पूर्ण झाली होती. आम्ही १४-१५ वर्षांचे, त्यामुळे हे ऐकून अंगावर काटा यायचा.

पद्धत साधी. गरजूंच्या घरी दोघा-दोघांनी जायचं. वस्तू दारातून देऊन परतायचं नाही, आत जाऊन बसायचं. दुसऱ्याच्या घरी जे पाहिलं त्याची वर्गात चर्चा करायची नाही. माझ्या वाट्याला एक आजोबा आले होते, अर्धांगवायू झालेले. पहिल्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना. ब्रदरनी (सिस्टरांसारखेच व्रत घेतलेले, पण पुरुष) सांगितलं होतं, "काही सुचलं नाही तर नखं कापून दे." मी नखं कापली. दोन वर्षं दर शनिवारी कापत होतो. माझ्या व्यवसायाची सुरुवात कुठे झाली असं कोणी विचारलं की मला तो नेलकटर आठवतो.

एक माजी विद्यार्थी

मला गोड लिहिता येणार नाही. मी तोतरा आहे. सकाळच्या प्रार्थनासभेत बायबलमधला उतारा वाचायची पाळी हजेरीपटाप्रमाणे येई. माझा क्रमांक ११. त्या आठवड्यात मला ताप यायचा, खरोखरचा. सहावीत मी एका शब्दावर अडकलो, सगळी शाळा हसली, आणि समोर उभे असलेले शिक्षकही हसले. नंतर वर्गात त्यांनी माझी नक्कल केली. ज्या भिंतीवर क्रूस होता, त्याच भिंतीखाली. घरी सांगितलं तर "शिस्तीची शाळा आहे, सहन कर" असं उत्तर मिळालं. प्रेमाची शिकवण रोज सकाळी ऐकायची आणि दुपारी हे, याचा मेळ मला त्या वयात घालता आला नाही, आजही घालता येत नाही.

एवढं मात्र नोंदवतो. गायनवृंद बसवणाऱ्या बाईंनी मला न विचारता वृंदात घेतलं. गाताना मी अडखळत नाही. पुष्कळ तोतऱ्या माणसांचं तसंच असतं, हे मला फार नंतर कळलं, बाईंना ते आधीच माहीत असावं. नाताळच्या कार्यक्रमात मी एकट्याने कडवं म्हटलं. त्या दिवशी ते शिक्षक पहिल्या रांगेत होते. ते तेव्हा काही बोलले नाहीत, नंतरही नाही.

मी मोठेपणी शाळेला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही.

आई

माझ्या मुलाला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. दोन शाळांनी "आमच्याकडे सोय नाही" म्हणून परत पाठवलं. त्यातली एक कॅथलिकच होती, तेव्हा सगळ्या सारख्या असतात असं मी म्हणणार नाही. तिसरीकडे फादरनी माझ्याशी बोलण्याआधी त्याला विचारलं, "तुला कुठे बसलं की आमचे ओठ नीट दिसतात?" त्याने खिडकीच्या बाजूचा दुसरा बाक दाखवला. शिक्षकांना सूचना गेली की फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. एवढंच. पैसा लागला नाही, यंत्र लागलं नाही.

मदतीला खरी आली ती पालकमंडळी. चर्चला जाणाऱ्या चार कुटुंबांनी आपसात वार वाटून घेतले आणि माझी रात्रपाळी असायची त्या दिवशी मुलगा त्यांच्याकडे अभ्यासाला थांबू लागला. मी त्यांच्या धर्माची नाही, मला आधी संकोच वाटायचा. त्यातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, रविवारी देवळात काय ऐकतो आम्ही? सोमवारी ते करायला नको?"

गणिताची आवड असलेली

छोटासा अनुभव. राखेच्या बुधवारी आमच्या कॅथलिक मैत्रिणी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन वर्गात यायच्या. तिथून ईस्टरपर्यंतचा त्यांचा प्रायश्चित्तकाळ. प्रत्येक वर्गात पुठ्ठ्याची एक पेटी ठेवली जाई, स्वतःची काहीतरी हौस टाळून वाचलेले पैसे त्यात टाकायचे. मी दिनदर्शिकेवर मोजून बाईंना म्हटलं, "चाळीस दिवस म्हणता, हे तर ४६ भरतात!" बाईंनी तो सगळ्या वर्गालाच प्रश्न म्हणून दिला. मधले ६ रविवार उपवासात धरत नाहीत, हे उत्तर शेवटी एका कॅथलिक मुलीनेच शोधलं, आणि तिलाही ते आधी माहीत नव्हतं. पेटीत मी पण पैसे टाकत असे. कोणी सांगितलं नव्हतं. धर्मशिक्षणाच्या तासाला आम्ही बाकीच्या मुली नीतिशिक्षणाला बसायचो, आणि कोणी कधी "तू आमच्यात ये" म्हटलं नाही.

कॅथलिक घरातला

आमची बाजूही कोणीतरी लिहावी म्हणून लिहितो. शाळा आपली, चर्च आपलं, फादर घरी येणारे. त्यामुळे खोडी केली की ती शाळेत, चर्चमध्ये आणि घरी अशी तीन ठिकाणी पोचायची. इतर मुलांना एक ओरडा, मला तीन. पण आईचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा त्याच तीन ठिकाणांहून माणसं आली. रक्त द्यायला माझे पीटीचे सर रांगेत पहिले उभे होते.

एक सिस्टर, ३४ वर्षं अध्यापन

तोतरं बोलणाऱ्या भावाचा अनुभव मी दोनदा वाचला. ती शाळा माझी नव्हे, ते शिक्षक मला ठाऊक नाहीत. तरी मी याच कामात आयुष्य घालवलं आहे, म्हणून हात जोडून क्षमा मागते. पत्राचं उत्तर तुम्हाला मिळायला हवं होतं.

आमच्या प्रशिक्षणात जाँ-बाप्तिस्त द ला साल यांच्याविषयी शिकवलं जाई. १९५० साली पोपनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं. ते श्रीमंत घरातले धर्मगुरू होते. फ्रान्समधल्या रँस शहरात गरिबांच्या शाळेत शिकवणारे मास्तर अर्धशिक्षित आणि दमलेले होते. १६८१ मध्ये त्यांनी त्या मास्तरांना स्वतःच्या घरात राहायला आणलं, त्यावरून नातेवाईक नाराज झाले. पुढे दुष्काळात त्यांनी आपली संपत्ती वाटून टाकली. माझ्या मनात राहिलं ते हे की मुलं सुधारायची म्हणून त्यांनी आधी मास्तरांना सांभाळलं. चिडलेला, एकटा पडलेला शिक्षक मुलांवर राग काढतो. मी तसा काढलेला आहे.

गरीब मुलांसाठी काम करणारे इटलीतले धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी १८८४ मध्ये रोमहून आपल्या सहकाऱ्यांना पत्र लिहिलं होतं. मुलांवर नुसतं प्रेम असून भागत नाही, ते आहे हे मुलांना कळलंही पाहिजे, असा त्याचा आशय. ते स्वतः मैदानात मुलांबरोबर असत. मी फार वर्षं मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसले. मग एक मुलगी अर्ध्या वर्षात शाळा सोडून गेली. सुट्टीत ती रोज एकटीच पाण्याच्या टाकीमागे बसत असे, हे मला ती गेल्यावर समजलं. मी मैदानात असते तर दिसलं असतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत सुट्टीत मी वही हातात धरली नाही, टाकीपर्यंत फेरी मारत राहिले. त्या मुलीचा पत्ता मी पुष्कळ शोधला.

नववीतली

आईने हे सगळं वाचायला दिलं म्हणून मीही लिहिते. मागच्या सत्रात माझ्या पायाचं ऑपरेशन झालं. आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. मला वाटलं वर्ष गेलं. कुबड्या घेऊन पहिल्या दिवशी आले तर फाटकावरच्या मामांनी जिन्याकडे जाऊच दिलं नाही. तळमजल्यावरची चित्रकलेची खोली उघडी होती आणि आमचा अख्खा वर्ग तिथे बसला होता. ४८ बाकं आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलांनीच खाली उतरवली होती. दारावर 'चित्रकला' असं रंगवलेलं, त्यावर कोणीतरी कागद चिकटवून '९ ब' लिहिलं होतं. पाय बरा झाला, मी आता जिने चढते. आम्ही अजून तिथेच बसतो, कारण बाकं परत वर न्यायला कोणीच तयार नाही.