केसगळतीसाठी जवळच्या क्लिनिकमध्ये गेलात तेव्हा काय अनुभव आला?

चार महिने झाले, केस नुसते गळतायत. डोक्यावरून आंघोळ केली की जाळीवर पुंजका, उशीवर केस, आणि भांग तर दिवसेंदिवस रुंद होत चाललाय. जवळच्या एका क्लिनिकला फोन केला तर डोकं न बघताच आठ सिटिंगचं पॅकेज सांगितलं. घाबरून ठेवला फोन. जे यातून गेलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, डॉक्टरांनी काय तपासलं, काय विचारलं, फरक किती दिवसांनी पडला.

*

आधी चुकीच्या ठिकाणी मीपण गेले होते. पांढऱ्या कोटातल्या बाईंनी स्क्रीनवर माझी टाळू मोठी करून दाखवली आणि लगेच पीआरपीचं (आपल्याच रक्तातला भाग काढून टाळूत टोचतात ते) बोलायला लागल्या, नंतर कळलं त्या डॉक्टर नव्हत्याच, पॅकेज समजावून सांगणाऱ्या होत्या. मग एका साध्याशा दवाखान्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न, दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठं आजारपण, ऑपरेशन, बाळंतपण काही झालं होतं का? मी नाही म्हणाले आणि मग आठवलं, दहा दिवस सणसणून ताप होता की! त्यांनी पन्नासेक केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढली, आठ-नऊ केस हातात आले, टोकाला पांढरा ठिपका होता तो मला दाखवला. म्हणाले हे केस तापामुळे एकदम विश्रांतीत गेले आणि आता गळतायत, मूळ शाबूत आहे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड करून घेतलं, फेरिटिन ९ निघालं, म्हणजे खूपच कमी. लोहाच्या गोळ्या दिल्या, सिटिंग एकही नाही. पाचव्या महिन्यात कपाळाशी बारीक बारीक केस उभे राहिलेले दिसले तेव्हा आरशासमोर रडले मी.

*

थायरॉईडची टेस्ट करणार असाल तर केसांसाठी बायोटिन हे व्हिटॅमिन घेताय का ते डॉक्टरांना आधी सांगा. त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, माझा आला होता आणि महिनाभर उगाच काळजीत गेला.

*

माझं आनुवंशिक, वय २६, पुढून आणि शेंडीच्या जागी विरळ. मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरचं औषध सुरू केलं आणि तिसऱ्या आठवड्यात गळती दुप्पट. घाबरून बंद केलं, कारण सुरुवातीला असं होतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!! दुसऱ्या डॉक्टरांनी ते सांगितलं, चार ते सहा महिने थांबायचं सांगितलं आणि हेही की औषध सोडलं तर टिकलेले केस काही महिन्यांत परत जातात. फिनास्टेराइड १ मिग्रॅ ही आनुवंशिक केसगळतीवरची गोळी देण्याआधी काही पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात हे स्पष्ट बोलले, निर्णय माझ्यावर सोडला. असा डॉक्टर मिळाला की धीर येतो. नवीन केस थोडेच आले पण गळती थांबली, मला तेवढं पुरे आहे.

*

मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा पडला, सगळे म्हणाले चाई. डॉक्टरांनी भिंगातून बघितलं, खपली खरवडून तपासायला पाठवली तर बुरशी निघाली. नुसतं मलम मुळापर्यंत पोचत नाही म्हणून सहा आठवडे पोटात गोळ्या दिल्या. चाई समजून घरीच काही लावत बसलो असतो तर... विचार करवत नाही.

*

धागा मीच काढला होता. सगळ्यांचे खूप आभार, काल जाऊन आले. आजारपण वगैरे काही नव्हतं, ओढून बघितल्यावर दोनच केस आले. पण भिंगाखाली भांगातले केस जाड-बारीक असे मिसळलेले दिसले, म्हणजे माझंही आनुवंशिकच. ऐकून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. गरोदरपणाचा विचार आहे का हे विचारूनच मिनॉक्सिडिल दिलंय, सुरुवातीला गळती वाढेल हेही सांगितलंय. रक्ताचे रिपोर्ट परवा येतील. भांगाचा फोटो त्यांनी काढून ठेवलाय, पुढचा चार महिन्यांनी काढणार आहेत.